बोटीचा रंग, कुरडयांवरची पूड आणि पंधरा दिवसांवर आलेला जून

शनिवार

कुलकर्णी काकू (ए-१०२): पहाटे उठून कुरडया घातल्या होत्या अंगणात. आत्ता उलटायला गेले तर सगळ्यांवर हिरवी पूड. हे काय चाललंय कुणी सांगेल का? विचारायची पद्धत आहे की नाही या सोसायटीत?

कुलकर्णी काकू (ए-१०२): तीन दिवस गहू भिजवले होते.

चौगुले, सेक्रेटरी (ए-३०३): काकू नमस्कार. पावसाआधी बोट रंगवून घ्यायची ठरली होती, त्यासाठी जुना रंग काढायला रंगारी आलाय. नोटीस मंगळवारीच बोर्डावर लावली होती. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे 🙏

कुलकर्णी काकू (ए-१०२): बोर्ड जिन्याखाली आहे. तिथला बल्ब दिवाळीपासून गेलाय.

शिंदे (बी-१०४): विषय निघालाच आहे तर पुन्हा विचारतो. बोट २०२१ च्या पुरापासून माझ्या पार्किंगमध्ये आहे. कधी हलणार?

माने (सी-२०१): चौगुले, त्या रंगाऱ्याला आधी थांबवा. मी गॅलरीतून बघतोय, ग्राइंडरला लोखंडी तारांचा ब्रश लावून घासतोय तो. ॲल्युमिनियम आहे ते, गेट नव्हे. लोखंडाचे कण मऊ पत्र्यात रुतून बसतात, मग रंगाखाली ओल लागली की तिथूनच पत्रा खायला सुरुवात होते. वर कितीही भारी रंग द्या, दोन पावसात फुगे येणार.

चौगुले, सेक्रेटरी (ए-३०३): मानेसाहेब, तो वीस वर्षं रंगकाम करतोय.

माने (सी-२०१): भिंतींचं आणि ग्रिलचं. मी कुपवाडला एमआयडीसीत ॲल्युमिनियमच्याच कामावर होतो. थांबवा म्हणतोय तर थांबवा.

जोशी मॅडम (बी-४०२): काकू, फार वाईट वाटलं वाचून. पण कृपा करून त्या कुरडया झटकून, धुऊन ठेवू नका, टाकून द्या. बोटीवरचा खालचा रंग २००६ चा आहे. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, त्यातून हिरव्या-पिवळ्या रंगात, शिसं असण्याची बरीच शक्यता असते. ते लहान मुलांना सगळ्यात घातक. पूड उडालीय तिथे आज मुलांना खेळायला सोडू नका. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

कुलकर्णी काकू (ए-१०२): माझी नात काल तिथेच खेळत होती.

चौगुले, सेक्रेटरी (ए-३०३): काम थांबवलंय. रंगारी चहा घेतोय.

अमोल (ए-२०४): काका, यूट्यूबवर बघितलं. कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून ओतला की जुना रंग आपोआप सुटतो. घासायचंच काम नाही, पूडही नाही. बाजारात किलोवर मिळतो.

जोशी मॅडम (बी-४०२): अजिबात नको अमोल! ते लोखंडासाठी. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खातं, आणि खाताना हायड्रोजन वायू सुटतो. अकरावीच्या मुलांना परीक्षानळीत दाखवते मी हे, काडी धरली की पट्कन आवाज होतो. पार्किंगमध्ये पंधरा फुटी बोटीवर करायचा प्रयोग नाही हा.

अमोल (ए-२०४): ओके मॅडम 🙏

देशपांडे (सी-४०१): नमस्कार सगळ्यांना. पुण्यातून वाचतोय. एवढा घोळ कशाला? वरून ऑइल पेंटचे दोन हात मारा आणि मोकळे व्हा. मुळात आता एनडीआरएफ येतं, महापालिकेच्या बोटी असतात. आपल्याला ही बोट हवीच का, यावर एकदा सर्वसाधारण सभेत चर्चा व्हावी असं माझं नम्र मत.

आपटे आजोबा (ए-१०१): तुमचं मत पुण्याहून येतं देशपांडे, पाणी कर्नाळ रोडवर येतं.

देशपांडे (सी-४०१): काका, वडीलधारे आहात म्हणून काही बोलत नाही. मेंटेनन्स मीही भरतो.

चौगुले, सेक्रेटरी (ए-३०३): मार्चपर्यंतचा भरलाय आपण. पुढचा बाकी आहे. वैयक्तिक मेसेज केला होता.

देशपांडे (सी-४०१): हे ग्रुपवर टाकायची गरज होती का?

शिंदे (बी-१०४): बोट २०२१ च्या पुरापासून माझ्या पार्किंगमध्ये आहे. कधी हलणार? याचं उत्तर कुणीच देत नाही.

आपटे आजोबा (ए-१०१): नवीन बिऱ्हाडांसाठी लिहितो. २००५ ला सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५३ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही तीन दिवस गच्चीवर होतो. पुढच्या वर्षी वर्गणी काढून ही बोट घेतली, तीही जुनीच. २०१९ ला पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे बघा. एनडीआरएफच्या लोकांनी जिवाची बाजी लावली, मी स्वतः बघितलंय. पण त्यांना अख्खा जिल्हा होता. आपल्या गल्लीत पहिली बोट आली ती हीच. सौ. ना डायलिसिसला नेलं ते हिच्यातूनच. त्यामुळे हवी का नको हा विषय माझ्यापुरता संपलेला आहे.

जाधव (बी-३०२): काका 🙏

पाटील वहिनी (सी-१०३): आमची म्हैस काय ती राहिली होती 😄 बाकी सगळी गल्ली नेली हिनं.

जाधव (बी-३०२): वहिनी, म्हशीला पोहता येतं. बोट तुमच्या मिस्टरांसाठी होती.

पाटील वहिनी (सी-१०३): 😂😂

माने (सी-२०१): देशपांडे म्हणतात तसे ऑइल पेंटचे दोन हात २०१४ ला मारले होते. आज नखाने सोलून निघतोय तो रंग, येऊन बघा. ॲल्युमिनियम उघडं पडलं की काही मिनिटांत त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, त्याला साधा रंग धरत नाही. रेड ऑक्साइडही नाही, तो लोखंडाचा. रंगाऱ्याने डबा आणून ठेवलाय तो परत करा.

आता काम कसं करायचं ते लिहितो. मोठा मेसेज आहे, पण वाचा.

पहिलं म्हणजे साबण-पाण्याने धुऊन मग थिनरच्या फडक्याने तेल-ग्रीस काढायचं. हे घासायच्या आधी, नाहीतर तेच तेल पत्र्यात घोटलं जातं. रंग काढायला पेंट रिमूव्हर, तोही ॲल्युमिनियमला चालतो असं डब्यावर लिहिलेला, आणि उघड्यावर. त्याची वाफ बंद पार्किंगमध्ये माणसाला पाडते. मग प्लॅस्टिकचा नाहीतर लाकडी खरवडणा. उरलेलं ८० आणि मग १२० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासायचं, म्हणजे पूड उडणार नाही. खाली ताडपत्री, आणि खरवड गोळा करून वेगळ्या पोत्यात. गॅसची ज्योत नको, पत्रा लगेच वाकतो. सँड ब्लास्टिंगही नको, पातळ पत्रा आहे.

घासून झाल्यावर पाणी ओतून बघायचं. सगळीकडे एकसारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ, थेंब-थेंब जमले तर अजून तेल आहे. वाळला की त्याच दिवशी, दोन-चार तासांत, वॉश प्रायमर, म्हणजे पत्र्याला रंग धरावा म्हणून द्यायचा पहिला हात. अगदी पातळ, खालचा पत्रा दिसला पाहिजे इतका. त्यावर टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर आणि वरून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. तिन्ही एकाच कंपनीचे आणि एकमेकांवर चालतात असं त्यांच्या कागदावर लिहिलेले. काही इपॉक्सी वॉश प्रायमरवर चालत नाहीत, म्हणून दुकानदाराच्या तोंडी भरवशावर घ्यायचं नाही.

चौगुले, सेक्रेटरी (ए-३०३): खर्च?

माने (सी-२०१): ऑइल पेंटच्या तीन-चार पट. पण परत परत नाही.

देशपांडे (सी-४०१): बघा म्हणजे.

जाधव (बी-३०२): मानेकाका, रंग न देताच ठेवली तर? नदीवरच्या बऱ्याच बोटी उघड्या ॲल्युमिनियमच्या असतात.

माने (सी-२०१): चांगला प्रश्न. गोड्या पाण्यात उघडं ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं टिकतं, तो ऑक्साइडचा थरच त्याला राखतो. आपल्याला रंग दोन गोष्टींसाठी हवा. एक, पुराचं पाणी गढूळ आणि वर पाऊस, त्यात राखाडी बोट लांबून दिसत नाही. भगवा-केशरी किंवा पिवळा द्या, गच्चीवरच्या माणसाला दिसू दे. दुसरं, आत तळाला खरखरीत हात. ओल्या रंगात बारीक वाळू भुरभुरायची, म्हणजे म्हातारी माणसं घसरत नाहीत. आणि हो, आतली जुनी पितळी कडी काढून टाका. ओलाव्यात पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागलं की ॲल्युमिनियम झिजतं. स्टेनलेसचे नट लावले तरी मध्ये प्लॅस्टिकचा वायसर हवा.

कांबळे (बी-२०३): केशरी नको, निवडणुकीत वाद होतील. पिवळा करा.

जाधव (बी-३०२): पिवळ्यावरही होतील 😄

चौगुले, सेक्रेटरी (ए-३०३): राजकीय पोस्ट टाळाव्यात ही विनंती.

शिंदे (बी-१०४): बोट २०२१ च्या पुरापासून माझ्या पार्किंगमध्ये आहे. रंग कुठलाही द्या. कधी हलणार?

कुलकर्णी काकू (ए-१०२): अहो शिंदे, २०१९ ला त्याच बोटीत तुमचा फ्रिज पहिला गेला होता. माणसांच्या आधी.

शिंदे (बी-१०४): तो माझा नाही, भाडेकरूचा होता.

माने (सी-२०१): फ्रिजचा विषय निघाला म्हणून लिहितो. बोटीच्या बाजूला मोठ्या अक्षरात किती माणसं ते लिहायचं. लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले पंधरा. आपली पंधरा बाय पाच, म्हणजे पाच माणसं, वल्हवणारा धरून. तोही संथ पाण्याचा हिशेब.

अमोल (ए-२०४): काका पण २०१९ ला तर आम्ही नऊ जण होतो. मी शाळेत होतो, मला आठवतंय.

माने (सी-२०१): हो. मीच वल्हवत होतो. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं नेणारी बोट उलटली.

आपटे आजोबा (ए-१०१): जास्त माणसं बसली होती. अंगावर जॅकेट नव्हती. बायका-पोरं गेली.

पाटील वहिनी (सी-१०३): माझं माहेर तिकडंच. नका काढू.

चौगुले, सेक्रेटरी (ए-३०३): "५ माणसे" असं दोन्ही बाजूंनी लिहू. आणि पाच लाइफ जॅकेट घेऊ. रंगाच्या आधी ती घेऊ. ठराव वगैरे नंतर, कुणाची हरकत?

जोशी मॅडम (बी-४०२): मुलांच्या मापाची दोन वेगळी घ्या.

देशपांडे (सी-४०१): माझी हरकत नाही. जॅकेटचे पैसे मी देतो. थकबाकीत धरू नका.

आपटे आजोबा (ए-१०१): आभार देशपांडे.

रविवार

माने (सी-२०१): सुप्रभात. सहाला काम सुरू केलं, अमोल आणि जाधव मदतीला आहेत. दहाच्या पुढे पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो, तापल्या पत्र्यावर प्रायमर मारला तर फोड येतात. दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही. म्हणून सकाळचंच काम. जूनमध्ये हवेत ओल वाढली की इपॉक्सीला विसरा.

पाटील वहिनी (सी-१०३): पोहे आणि चहा खाली पाठवलाय. भडंग पण आहे.

शिंदे (बी-१०४): बोट २०२१ च्या पुरापासून

शिंदे (बी-१०४): चुकून अर्धाच गेला.

जाधव (बी-३०२): पूर्ण पाठ आहे आम्हाला, असू दे.

माने (सी-२०१): फोटो टाकतोय. डाव्या बाजूचा रंग पूर्ण निघाला. कण्याजवळ हिरव्या रंगाखाली एम-सीलचा मोठा लपका होता. तो उचकटला तर खाली वीतभर लांब चीर. शिवाय आत तळ बुडेल इतकंच पाणी ओतून बघितलं, सात रिव्हेट गळतायत. मार्करने खुणा केल्यात.

कुलकर्णी काकू (ए-१०२): म्हणजे २०२१ ला आम्ही त्या चिरेवर बसून आलो?

माने (सी-२०१): हो काकू. रंगामुळे दिसत नव्हती.

चौगुले, सेक्रेटरी (ए-३०३): वरून रंग मारला असता तर यंदाही दिसली नसती. काय करायचं मग?

माने (सी-२०१): सैल रिव्हेट आतून भार धरून बाहेरून ठोकून घट्ट बसतात, ते मी करतो. जी बसणार नाहीत ती ड्रिल करून नवीन, ॲल्युमिनियमचीच. चिरेला आर्गन वेल्डिंग. दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं म्हणजे चीर पुढे सरकत नाही. कुपवाडला ओळखीचा आहे, उद्या सकाळी घेतो म्हणाला. वेल्डिंगच्या आधी बाकांखालचा थर्मोकोल पूर्ण काढायचा, ठिणगीने पेटतो. तो पाणी पिऊन जडही झालाय. नवीन फोम घ्यावा लागेल, बोट उलटली तरी बुडू नये म्हणून तोच असतो.

जाधव (बी-३०२): माझ्या भावाचा टेम्पो आहे. सकाळी सातला येईल. उचलायला सहा जण हवेत.

अमोल (ए-२०४): मी आहे.

कांबळे (बी-२०३): मी आणि आमचे दोघे.

शिंदे (बी-१०४): मी पण येतो.

चौगुले, सेक्रेटरी (ए-३०३): सहा झाले. परत आल्यावर बोट मीटरबॉक्सच्या बाजूच्या शेडमध्ये ठेवू, रंगकाम तिथेच. प्रत्येक फ्लॅटमागे ३०० रुपये, बुधवारपर्यंत. जिन्यातला बल्ब बदललाय.

कुलकर्णी काकू (ए-१०२): शेडच्या मागे माझं पापडाचं वाळवण असतं. कुठल्या दिवशी काय घासणार ते आदल्या रात्री इथे लिहा, बोर्डावर नको.

माने (सी-२०१): लिहितो काकू. मंगळवारी उजवी बाजू घासायची, ओलंच. बुधवारी सकाळी पुन्हा ओला हात फिरवून, वाळला की लगेच वॉश प्रायमर.