मेरोबोटरचं (गवत कापणाऱ्या रोबोटचं) टाइमटेबल काय ठेवलंय तुम्ही लोकांनी?

प्रेषक: पोर्त्स (नवीन मेंबर)
शुक्रवार, २० जून २०२५, सकाळी ८:१२

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या ईमेल लिस्टवर पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. मार्चमध्ये आम्ही इथे कोलोनच्या पोर्त्स भागात घर घेतलं, मागे ३५० स्क्वेअर मीटर लॉन आहे, आणि दोन महिने दर शनिवारी मशीन ढकलून कंबरडं मोडल्यावर शेवटी रोबोट आणला. त्याच्या हद्दीची तार पुरायला एक अख्खा वीकेंड गेला पण आता मस्त चालतो. मी त्याला रात्री १० ते सकाळी ६ लावलाय, सातही दिवस, कारण दिवसा मुलं बाहेर असतात, त्यांच्या पायात यायला नको, आणि आवाज तर आमच्या मिक्सरच्या पाव सुद्धा नाही. कडेचं गवत त्याला कापता येत नाही, ते मी ऑफिसातून आल्यावर साडेसहाला ट्रिमरने काढतो.

तर काल सुट्टी होती म्हणून म्हटलं दिवसा पण पळवून बघू. अकरा वाजता शेजारच्या आजी बेल वाजवून दारात, हातात भिंतीवरचं कॅलेंडर! माझं जर्मन बे-आइन्सच्या (बी१ पातळीच्या) पलीकडे गेलेलं नाही, त्यात त्या कोलोनच्या बोलीत बोलतात. फायरटाग, फायरटाग (म्हणजे सार्वजनिक सुट्टी) एवढं नीट कळलं. पुढे रात्रीबद्दल काहीतरी होतं, आणि कुणी हेर इगेल (हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) म्हणून गृहस्थ आहेत, ते रात्री येतात, त्यांना त्रास होतो असं काहीसं. आमच्या गल्लीत त्या नावाची पाटी मी तरी पाहिली नाही.

प्रश्न एवढाच की फायरटागला रोबोट पण चालत नाही का? स्वतः ढकलायचं मशीन नाही चालत ते माहितीये, पण इथे माणूस कामच करत नाहीये ना.


प्रेषक: बेर्गिश ग्लाडबाखवाले काका
शुक्रवार, २० जून, सकाळी ९:४०

अरे बाबा, आधी तो रोबोट बंद कर आणि मग पुढचं वाच.

माणूस काम करतोय की नाही हा प्रश्नच नाही, प्रश्न मशीनचा आहे. मशीनच्या आवाजाबद्दल २००२ सालची एक केंद्राची नियमावली आहे, तिचं नाव एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला मी चहा पाजीन, सगळे तिला ३२ वी बिमशफाउ म्हणतात. राहत्या वस्तीत लॉनमोअर रविवारी आणि फायरटागला पूर्ण दिवस बंद, आणि वर्किंग डेला रात्री ८ ते सकाळी ७ बंद. शनिवार वर्किंग डेच धरतात. रोबोट सुद्धा लॉनमोअरच. म्हणजे तुझं १० ते ६ हे सगळंच्या सगळं बंदीच्या वेळेत बसतंय, एक मिनिट सुद्धा चुकून बाहेर पडलेलं नाही, एवढा अचूक नेम मी तरी पाहिला नव्हता.

आणि आता तुझा ट्रिमर. पेट्रोलवरचा ट्रिमर आणि पानं उडवायचा ब्लोअर यांना त्याहून कडक नियम आहे, वर्किंग डेला सुद्धा फक्त ९ ते १ आणि ३ ते ५. तुझा पेट्रोलचा असेल तर संध्याकाळी साडेसहाला चालत नाही. हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं, मला स्वतःला सहा वर्षांनी कळलं, तेही शेजाऱ्याने सांगितलं म्हणून.

दुपारी १ ते ३ शांतता हा मात्र केंद्राचा नियम नाही. काही गावांत आहे, काही ठिकाणी हाउसऑर्डनुंगमध्ये (इमारतीच्या नियमांत) असतो. तुझं स्वतःचं घर आहे त्यामुळे गावाचा नियम तेवढा बघ.

अजून एक गंमत सांगतो. माझा रोबोट जुना, सेकंडहँड घेतलेला, ॲप वगैरे नाही, डोक्यावर बटणं. त्याला मी ७ ते ८ लावला होता, सकाळचे सात ते रात्रीचे आठ, आणि कायद्यात बसतो म्हणून बिनधास्त होतो. मे महिन्यात एकदा बाहेर बसलो होतो तर नऊ वाजत आले तरी हा फिरतोय! मार्चअखेर घड्याळं एक तास पुढे जातात ते त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा वेळ लावण्याआधी मशीनचं घड्याळ बघायचं, हे सगळ्यांनाच.


प्रेषक: लिंडेनथालची ताई
शुक्रवार, २० जून, दुपारी १:०५

हेर इगेल!!! मी ऑफिसमध्ये एकटीच हसतेय, लोक बघतायत.

अरे इगेल म्हणजे हेजहॉग. छोटा काटेरी प्राणी, ओंजळीत मावेल एवढा, रात्री बागेत गोगलगायी आणि किडे खात फिरतो. (कुणी साळिंदर म्हणू नका प्लीज, मागच्या वर्षी बागेच्या ट्रिपला त्यावर अर्धा तास वाद झालेला. साळिंदर वेगळं, केवढं तरी मोठं असतं.) तुझ्या शेजारच्या आजी नक्कीच त्याच्यासाठी पाण्याची वाटी ठेवत असणार, कुंपणापाशी बघ.

आता सिरियस. इगेल घाबरला की पळत नाही, अंगाची गुंडाळी करून जागेवर बसतो. कुत्र्यापुढे ते चालतं, फिरत्या ब्लेडपुढे नाही. आणि रोबोटला तो नेहमी कळतोच असं नाही, बरेच रोबोट धडक बसल्यावरच मागे फिरतात, पिल्लू असेल तर तेवढीही धडक बसत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १८ मॉडेल्स मेलेले इगेल ठेवून तपासली होती, त्यातलं एकही आधीच ओळखून थांबलं नाही, सगळी अंगाला लागल्यावरच. बर्लिनच्या लाइबनिट्झ इन्स्टिट्यूटने (प्राणिसंग्रहालयातल्या आणि वन्य प्राण्यांवर काम करणारं) जून २०२२ ते सप्टेंबर २०२३ मध्ये बागेतल्या मशीननी कापलेल्या ३७० इगेलची नोंद गोळा केली, त्यातले जवळजवळ निम्मे वाचले नाहीत. आणि हे फक्त कुणालातरी सापडले ते. बाकीचे झुडपाखाली जाऊन पडतात. मी इथे इगेल-स्टेशनला (जखमी इगेलना सांभाळतात तिथे) महिन्यातून एकदा मदतीला जाते, एकदा पाहिलंय, परत सांगायची इच्छा नाही.

म्हणूनच कोलोन शहराने ऑक्टोबर २०२४ पासून रोबोट रात्री चालवायला सरळ बंदी घातलीये. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून ते सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत. पोर्त्स कोलोनमध्येच येतं. काकांचं ग्लाडबाख येत नाही, पण काका, इगेल संरक्षित प्राणी देशभर आहे, त्याला गावाची हद्द कळत नाही.


प्रेषक: कार्यक्रम समिती
शुक्रवार, २० जून, दुपारी १:३१

नमस्कार, ६ जुलैच्या आषाढीच्या भजनाला ८० लोकांची नावं आली आहेत. साबुदाणा ८ किलो पुरेल का? कृपया आजच कळवावे.


प्रेषक: ब्रूलच्या वहिनी
शुक्रवार, २० जून, रात्री ९:१८

साबुदाण्याचं वेगळ्या थ्रेडवर बोलूया हो, इथे गवत चाललंय.

भावजी, सगळे तुम्हाला काय करू नका ते सांगतायत, किती वाजता चालवायचा ते कुणीच सांगेना. मी हा हिशोब गेल्या वर्षी वहीत मांडलाय.

खोक्यावर ६०० स्क्वेअर मीटर लिहिलेलं असतं ना, ते बहुतेक वेळा रोबोट चोवीस तास राबला तर, असं असतं, चार्जिंगला जाऊन येण्याचा वेळ धरून. म्हणजे तासाला साधारण २५. लोक ते ६०० बघून खूश होतात आणि मग दिवसाला पाच तास चालवून म्हणतात पुरत नाही. तर तुमचं लॉन ३५०. सकाळी १० ते दुपारी ३, सोमवार ते शनिवार लावलं की आठवड्याचे ३० तास, गुणिले २५ म्हणजे ७५०. म्हणजे प्रत्येक इंच आठवड्यातून दोनदा कापलं जातं आणि वर थोडं उरतं. जूनपासून पुढे एवढं भरपूर झालं. एप्रिल-मेमध्ये गवत वेड्यासारखं वाढतं, तेव्हा ५ पर्यंत वाढवायचं, मग ४२ तास, म्हणजे बरोब्बर तीनदा. रोज कापायची गरज नसते, आपल्याला वाटतं मशीन आणलंय तर राबवून घेऊ.

१० च का, तर सकाळी दव असतं, ओलं गवत ब्लेडखाली चिकटून गोळे होतात, आणि ३ च का, तर नंतर मुलं बाहेर येतात. तुमची मुलांची काळजी बरोबरच होती, फक्त तुम्ही ती रात्रीकडे ढकललीत. ती ब्लेडं दिसायला दाढीच्या पात्यासारखी असतात, उचलल्यावर थांबतात हे खरं, पण अनवाणी पाय आणि रोबोट एका वेळी अंगणात नकोत म्हणजे नकोतच.

ताईच्या सूर्यास्तावरून एक सांगायचंय, ते फार लोकांच्या लक्षात येत नाही. आत्ता जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या पुढे मावळतो, म्हणून रात्री ८ चा नियम आधी लागतो आणि सूर्याचं काही अडत नाही. पण सप्टेंबरअखेर सूर्यास्त सव्वासातच्या आसपास आणि उजाडायला जवळजवळ साडेसात, म्हणजे कोलोनात तुम्हाला साधारण सकाळी ८ ते संध्याकाळी पावणेसात एवढंच मिळतं. ज्याने जूनमध्ये ७ ते ८ लावून ठेवलंय त्याचं शेड्यूल कुणी हात न लावता आपोआप चुकीचं होतं. आणि नेमकी तेव्हाच इगेलची नवीन पिल्लं बाहेर पडतात. १० ते ३ ला सूर्यापायी बारा महिन्यांत हातच लावावा लागत नाही.

ऊन फार तापलं आणि गवत पिवळं पडायला लागलं की मात्र सरळ पार्क करून ठेवा, आणि उंची ५ सेंटीमीटरच्या खाली नेऊ नका, आमचं २०२२ च्या उन्हाळ्यात सगळं करपलं.


प्रेषक: बेर्गिश ग्लाडबाखवाले काका
शनिवार, २१ जून, सकाळी ७:५५

वहिनींना मंडळाचं अर्थखातं द्या.

फायरटागचं तेवढं राहिलं. ॲपला सोमवार-मंगळवार कळतो, सुट्टी बहुतेक ॲपना कळत नाही. त्यातून दोन सुट्ट्या दरवर्षी गुरुवारीच येतात, हिमेलफार्ट (येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस) आणि कालचा, म्हणजे परवाचा फ्रोनलाइखनाम (कॅथलिक सण). हा दुसरा हांबुर्गला नसतो, तिकडे कुणाचा भाऊ असेल तर त्याला विचारून काही उपयोग नाही. आपल्या एनआरडब्ल्यूमध्ये (नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्यात) गवताच्या सीझनच्या सात धरा, गुड फ्रायडे, ईस्टर मंडे, १ मे, हिमेलफार्ट, फिंग्स्ट मंडे, फ्रोनलाइखनाम, ३ ऑक्टोबर. १ नोव्हेंबरलाही सुट्टी असते, पण तेव्हा रोबोट केलरमध्ये (तळघरात) झोपलेला असतो. आदल्या रात्री फोनवर रिमाइंडर लावायचा आणि हाताने पार्क करायचा. मी तर सरळ प्लग काढतो.


प्रेषक: पोर्त्स (नवीन मेंबर)
सोमवार, २३ जून, सकाळी ७:३०

मंडळी, सगळ्यांचे आभार, आणि हो, हसा अजून.

शनिवारी सकाळीच १० ते ३ लावलं, घड्याळ तपासलं (बरोबर होतं), आणि ट्रिमरचं काम शनिवारी ३ ते ५ मध्ये टाकलं. मग आजींकडे गेलो, बायकोने केलेल्या शंकरपाळ्या घेऊन, आणि फोनवर ट्रान्सलेट करून दाखवलं की मला इगेल हे आडनाव वाटलं होतं. त्या खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. ताई, वाटी आहे, कुंपणापाशीच, निळी. त्यांनी मला खालच्या फळीला पडलेलं भोक दाखवलं, तिथून तो आमच्याकडे येतो, आणि ते बुजवू नका असं तीनदा सांगितलं. म्हणजे तीन महिने तो माझ्या लॉनवरून जात होता आणि गेले तीन आठवडे माझा रोबोटही त्याच वेळी फिरत होता. ते कळल्यावर मला जरा बसावंच लागलं.

काल रात्री साडेदहाला मुलांना जागं ठेवून खिडकीत बसलो. आला. मुलीने त्याचं नाव हेर इगेल ठेवलंय, आता बदलायचं नाही म्हणते.

साताऱ्याला फोन केला तर बाबांचा प्रश्न, कापलेलं गवत जातं कुठं? म्हटलं बारीक होऊन तिथंच पडतं, खत होतं. ते म्हणाले एवढं चांगलं गवत आणि खाणारं कुणी नाही, म्हैस पाठवू का, तिला फायरटाग लागत नाही.

काकांची सात सुट्ट्यांची यादी मंडळाच्या कॅलेंडरला टाकलीये, ३ ऑक्टोबर यंदा शुक्रवारी आहे. आणि समितीला, ८ किलो कमी पडेल, १० घ्या, मी आणतो, पण भिजवायला दुसरं कुणीतरी बघा.