नाताळच्या भेटीसाठी घरी केलेल्या कुकीज: सादळू नयेत म्हणून काय करावे?

खाडीकाठची:

नमस्कार मंडळी. आमच्या इमारतीतील ख्रिस्ती कुटुंबे दर नाताळला प्रत्येक मजल्यावर घरच्या गोडाची ताटे पाठवतात आणि आम्ही त्यांना दुकानातला केक देऊन मोकळे होतो. यंदा मात्र घरी भाजलेल्या कुकीजचे वीसेक डबे द्यायचे आणि त्यांतील चार-पाच पुण्याला व नागपूरला नातेवाइकांकडे कुरिअरने पाठवायचे, असा बेत आहे. माझ्याकडे 28 लिटरचा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आहे. साध्या बटर कुकीज, सुंठ-दालचिनीच्या कुकीज आणि एखादा नारळाचा प्रकार अशी तीन प्रकारांची मांडणी एकाच डब्यात करावी, असे मनात आहे.

अडचण अशी की बटर कुकीज ओव्हनमध्ये पसरून एकमेकींना चिकटतात आणि ज्या नीट होतात त्याही ठाण्याच्या दमट हवेत एक-दोन दिवसांत सादळतात. शिवाय निम्मी मंडळी अंडे खात नाहीत. वाटप 23 आणि 24 डिसेंबरला करायचे झाल्यास कोणता प्रकार केव्हा करावा आणि डबा कसा भरावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

भट्टीपाशी:

आपला बेत चांगला आहे, पण त्यातली एक गोष्ट आधी बदला. तीन प्रकार जरूर करा, मात्र ते एकाच बंद डब्यात उघडे एकत्र ठेवू नका. सुंठेच्या कुकीजमध्ये गूळ किंवा काकवी असते आणि गूळ हवेतला ओलावा ओढून धरतो, त्यामुळे त्या कुकीज आतून किंचित ओलसरच राहतात. कोरड्या, कुरकुरीत बटर कुकीज त्यांच्या शेजारी ठेवल्या की तो ओलावा हळूहळू त्यांच्याकडे सरकतो. सादळण्याचा सगळा दोष ठाण्याच्या खाडीला देण्याचे कारण नाही. पुष्कळदा ओलावा डब्याच्या आतच असतो. प्रत्येक प्रकार वेगळ्या लहान पिशवीत घालून ती पिशवी हवाबंद करावी आणि मग त्या पिशव्या डब्यात रचाव्यात.

आता पसरण्याविषयी. लोणी वितळण्याच्या आत मैद्याचा भाग घट्ट झाला तर कुकी आकार धरते आणि लोणी आधी वितळले तर ती पसरते. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी स्वयंपाकघर बऱ्यापैकी गरम असते आणि ‘खोलीच्या तापमानाचे लोणी’ म्हणून पाककृतीत जे लिहिलेले असते ते थंड देशातल्या खोलीचे असते. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण बोटाला तुकतुकीत तेलकटपणा लागू नये, इतपतच ते मऊ हवे. घरी विरजणाच्या सायीपासून काढलेले लोणी यासाठी घेऊ नका, कारण त्यात पाण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. विकतचे खारे लोणी घेतले तर वरून मीठ घालू नका.

अंड्याशिवाय हमखास जमणारे प्रमाण वजनावर ठरवा: 100 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम लोणी आणि 300 ग्रॅम मैदा. यात बेकिंग पावडर नाही आणि तिची गरजही नाही, कारण फुगणारी कुकी हमखास आकार सोडते. लोणी आणि साखर फक्त एकजीव होईपर्यंत घोटा. केकसारखे फेसून त्यात हवा भरली तर पुढे पसरणे आलेच. मैदा घातल्यावर पीठ मळायचे नाही, नुसते गोळा होईपर्यंत एकत्र आणायचे. मग दोन बटर पेपरांच्या मध्ये अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटावी, ती तशीच तासभर फ्रिजमध्ये ठेवावी आणि कापल्यावर ताट पुन्हा दहा मिनिटे थंड करून मगच भाजावे. पाच सेंटिमीटरच्या साच्याने साधारण 40 कुकीज होतात.

ओटीजी वरखाली दोन्ही कांड्या लावून पंधरा मिनिटे तापवा, ताट मधल्या खाचेत सरकवा आणि 160 ते 170 अंशांवर कडा सोनेरी होईपर्यंत, म्हणजे 13 ते 16 मिनिटे भाजा. लहान ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत 15-20 अंशांचा फरक सर्रास आढळतो, म्हणून आत ठेवण्याचा साधा तापमापक विकत घ्यावा; साच्यांच्या रंगीबेरंगी संचापेक्षा तो कितीतरी अधिक उपयोगाचा आहे. ओव्हनमधून निघालेल्या गरम ताटावर दुसरा घाणा मांडू नका, कारण पीठ भाजायला जाण्यापूर्वीच त्यातले लोणी सुटू लागते. दोन ताटे असली की हा प्रश्न मिटतो.

बाहेर काढल्यावर कुकी मऊ लागते म्हणून पुन्हा आत ढकलण्याचा मोह होतो. तसे करू नका. ती निवताना कडक होते. जाळीवर पूर्ण थंड होईपर्यंत, निदान तासभर, डब्याचे झाकण लावायचे नाही. कोमट कुकी डब्यात गेली की तिचीच वाफ तिला सादळवते. फ्रिजमध्येही ठेवू नका, कारण बाहेर काढताच तिच्यावर दव धरते.

मडगावची:

नारळाच्या प्रकारासाठी आमच्या गोव्यातील बोलिन्हास सुचवते. ओले खोबरे बारीक वाटून साखरेच्या पाकात शिजवायचे, त्यात बारीक रवा आणि लोणी घालायचे, थंड झाल्यावर अंड्याचे बलक आणि वेलची मिसळून ते मिश्रण रात्रभर झाकून ठेवायचे. रवा रात्रभरात पाक पिऊन फुगतो, म्हणून ही पायरी गाळता येत नाही. घाईने भाजलेले बोलिन्हास दाताखाली कचकचतात. सकाळी लहान गोळे वळून, किंचित चपटे करून, वर काट्याने किंवा सुरीने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या आणि मध्यम आचेवर पुरते कोरडे होईपर्यंत भाजायचे. ओल्या खोबऱ्याचा पदार्थ असल्यामुळे भाजणीत कसूर राहिली तर तो खवट होतो किंवा त्याला बुरशी येते. म्हणून माझ्या मते बोलिन्हास हातोहात देण्यासाठीच ठेवावेत, नागपूरच्या पार्सलात घालू नयेत.

यात बलक असल्याने अंडे न खाणाऱ्यांना तो चालणार नाही. त्यांच्यासाठी वरच्या 1:2:3 च्या पिठातच सुके खोबरे मंद आचेवर भाजून, गार करून, मूठभर मिसळावे. बोलिन्हासची चव त्याला येणार नाही, पण टिकायला ते उत्तम.

आपल्या शेजाऱ्यांच्या ताटात बहुधा कुलकुल, नेवऱ्या, दोदोल असे जिन्नस असतील. आमच्याकडे या ताटाला कुस्वार किंवा कोंसुआद म्हणतात. ज्यांच्या घरी दुखवटा आहे ते त्या वर्षी गोडधोड करत नाहीत आणि मग शेजारीपाजारी त्यांच्याकडे आवर्जून ताट पोचवतात. आपल्या इमारतीत असे कोणी असेल तर तो डबा विसरू नका. साधा असला तरी चालेल.

नेकारकाठी:

मी श्टुटगार्टमध्ये राहतो. इथे नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा जो आगमनकाळ असतो, त्यात घरोघरी लहान कुकीज भाजून पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवण्याची पद्धत आहे. त्या वेळापत्रकातले शहाणपण आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते: मुरल्यावर चांगले लागणारे प्रकार आधी आणि लोण्याच्या ताज्या चवीवर उभे असलेले प्रकार शेवटी. मध आणि मसाल्यांचे लेबकुखन ताजे असताना इतके कडक असते की ते मऊ व्हावे म्हणून डब्यात मुद्दाम सफरचंदाची फोड ठेवतात आणि बुरशी येऊ नये म्हणून ती दर एक-दोन दिवसांनी बदलतात. म्हणजे आपण ज्या ओलाव्याशी झगडत आहात, तोच इथे त्या एका डब्यापुरता मागवून घेतला जातो.

आपण सुंठेच्या कुकीज डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात करून ठेवू शकता. लवंग, दालचिनी, जायफळ यांचा उग्रपणा काही दिवसांनी उतरतो आणि चव जुळून येते. काकवी मिळत असेल तर गुळाऐवजी तीच वापरावी. तिच्यात थोडी आम्लता असल्याने अर्धा चमचा खाण्याचा सोडा पुरतो, मात्र सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. बटर कुकीज 20 तारखेनंतर कराव्यात आणि बोलिन्हास वाटपाच्या आदल्या दिवशी.

बदामपुडीचे चंद्रकोरी व्हॅनिलेकिपफेर्ल अंड्याशिवायही सुरेख होतात, पण ते इतके ठिसूळ असतात की कुरिअरने पोचेपर्यंत त्यांचा भुगा होईल. पार्सलसाठी जाड, गोल आणि बिनटोकाचे आकार निवडावेत. चांदणीची टोके सर्वांत आधी तुटतात. दोन कुकीज पाठीला पाठ लावून जोडीने ठेवाव्यात, त्या उभ्या रचाव्यात, आणि डबा हलवून पाहिल्यावर आतून आवाज येत असेल तर मोकळ्या जागेत चुरगळलेला बटर पेपर भरावा.

कणीकप्रेमी:

मैद्याऐवजी कणीक चालेल का, आणि लोण्याऐवजी तूप? तूप घातले तर त्या नानकटाईच होतील, हे ठाऊक आहे. पण भेट म्हणून नानकटाई काय वाईट?

भट्टीपाशी:

नानकटाई मुळीच वाईट नाही, उलट आपल्या हवेला ती अधिक मानवते, कारण तुपात पाणी नसते. तूप रवाळ, घट्ट असावे आणि साखरेबरोबर पांढरे होईपर्यंत फेटावे. पातळ तुपाने पीठ सैल पडते. तिला तडे जाणारच, तेच तिचे रूप आहे. मात्र साच्याने कापलेले आकार हवे असतील तर तिथे लोणीच घ्यावे. कणीक निम्म्यापर्यंत चालते, त्यापुढे कुकी कोरडी आणि जड लागते.

खाडीकाठची:

सर्वांचे मनापासून आभार. प्रकार वेगवेगळ्या पिशव्यांत भरण्याचे आणि तारखांचे गणित पटले. अजून दोन शंका आहेत. वरून रंगीत आयसिंगची नक्षी अंड्याशिवाय करता येते का? आणि ऑफिस सांभाळून एवढे घाणे एकाच आठवड्यात होणे कठीण दिसते, तर पीठ आधी करून ठेवता येईल का?

मडगावची:

रॉयल आयसिंग अंड्याच्या पांढऱ्यावर बेतलेले असते. त्याऐवजी आयसिंग शुगरमध्ये लिंबाचा रस थेंबाथेंबाने घालून, चमच्यावरून संथ ओघळेल इतका दाट लेप करता येतो. दूध घालू नका. ते नीट वाळत नाही आणि टिकतही नाही. पण खरे सांगायचे तर खाडीकाठच्या हवेत मी आयसिंगच्या वाटेला जाणार नाही. चित्रांत दिसणारे ते गुलाबी-हिरवे थर हवेत चिकट होतात आणि पिशवीला लागून निघतात. त्यापेक्षा भाजण्यापूर्वी जाडसर साखर किंवा बदामाचे काप दाबून लावावेत.

डब्यावर चिठ्ठी मात्र अवश्य लावा. त्यात कोणत्या पिशवीत अंडे आहे, कशात बदाम आहेत आणि कुकीज कोणत्या तारखेला भाजल्या, एवढे लिहिलेले असावे. शाकाहारी घरात आणि सुकामेव्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरात ती चिठ्ठी रेशमी फितीपेक्षा अधिक कामाची ठरते.

भट्टीपाशी:

पीठ निश्चितच आधी करता येईल. बटर कुकीजच्या पिठाची चार-पाच सेंटिमीटर जाडीची वळकटी करून ती बटर पेपरात आणि वरून पिशवीत घट्ट गुंडाळावी. फ्रीजरमध्ये ती महिनाभर चांगली राहते, मात्र मासळीशेजारी ठेवू नये, कारण लोणी वास पटकन धरते. भाजायच्या आदल्या रात्री वळकटी खालच्या कप्प्यात काढून ठेवा आणि धारदार सुरीने अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या कापा. लाटणे आणि साचे दोन्ही वाचतात. कापताना वळकटी दर चार-पाच चकत्यांनंतर थोडी फिरवत राहिलात तर ती एका बाजूने चपटी होणार नाही.

एवढे करूनही एखादा डबा सादळला, तर कुकीज 150 अंशांवर पाच मिनिटे गरम करून जाळीवर पूर्ण निवू द्याव्यात. त्या पुन्हा खुटखुटीत होतात. पार्सल घेणाऱ्या नातेवाइकांनाही हे कळवून ठेवा.