सांडव्यावर वाळूची पोती रचून पाणी अडवावे का?

प्रश्न (खानापूर तालुका, जि. बेळगाव):
आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर मातीचा लहान बांध आहे. पावसाळ्यातला लोंढा काही काळ थोपवून तळातल्या मोरीतून बेताने सोडावा आणि खालची भातशेती वाचवावी, एवढाच त्याचा उद्देश आहे. आता उन्हाळी पिकासाठी मोरी बुजवून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेवर, पोती रचावीत, असे काही पंचांचे म्हणणे आहे. बांधाच्या पायथ्याशी एका जागी सतत ओलही दिसते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त अभियंता, बेळगाव):
पोती मुळीच रचू नयेत. पूर अडवणाऱ्या बांधाची रिकामी जागा हीच त्याची कुवत असते. तो आधीच भरलेला असेल, तर जुलैतला लोंढा थोपवायला त्यात जागाच उरत नाही. त्यात सांडवा अडवला की पाणी माथ्यावरून वाहू लागते. दगडी बांध ते काही काळ सोसतो. मातीच्या बांधाचा मात्र खालचा उतार कापला जातो आणि बघता बघता खिंडार पडते.

ओलीचे पाणी काचेच्या पेल्यात धरून पाहावे. ते नितळ असेल आणि वाढत नसेल, तर लक्ष ठेवणे पुरेसे आहे. गढूळ असेल, तर आतली माती वाहून चालली आहे असे समजून खालच्या वस्तीला तत्काळ सावध करावे. ती जागा चिकणमातीने लिंपू नये, कारण कोंडलेले पाणी दुसरीकडून वाट काढते. आधी वाळू, तिच्यावर खडी असा थर द्यावा, म्हणजे पाणी निघते पण माती अडून राहते. २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलेले चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणही मातीचेच होते आणि त्याच्या गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या.

उत्तर (शेतकरी, चंदगड रस्ता):
खेकड्यांची आणि घुशींची बिळेही तपासा. आमच्या बांधावर वरून बोटभर दिसणाऱ्या बिळात काठी हातभर आत गेली होती. बांधावर गवत असावे, झाडे नकोत. तोडलेल्या झाडाची मुळे कुजली की पाण्याला आयती वाट मिळते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पावसाळा सरल्यावर मोरी बंद केली तर चालेल का?

उत्तर (निवृत्त अभियंता, बेळगाव):
ओलीचा उलगडा झाल्याशिवाय नाही. कायम साठ्यासाठी बांधाचा गाभा तसा भरलेला असावा लागतो. लघु पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याने पाहणी करून लेखी संमती दिली, तर परतीचा पाऊस थांबल्यावर मोरी बंद करता येईल; पण वळवाआधी ती उघडलीच पाहिजे. पीडीओंकडे (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांकडे) द्यायचा अर्ज कानडीत लिहून घ्या, उगाच एक हेलपाटा वाचेल.