मारणाऱ्यानेच भरायचं, असं नाही
गोल्फचा बॉल लागून कोणाला इजा झाली किंवा काही फुटलं, तर बॉल ज्याने मारला त्यानेच भरपाई द्यायची असं म्हणतात, पण एवढं सरळ नसतं हो. नुसता शॉट वाकडा गेला म्हणजे निष्काळजीपणा होत नाही (वाकडे तर भल्याभल्यांचे जातात). सोबत खेळणाऱ्याला लागला तर कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये सांगितलंय की हा खेळातलाच धोका, मुद्दाम किंवा अगदीच बेफिकीरपणे मारला तरच खेळाडू अडकतो. रस्त्यावरच्या माणसाने कुठे धोका पत्करलाय? इंग्लंडमधली १९२२ ची केस बघा, टॅक्सीच्या काचेवर बॉल आदळून ड्रायव्हरचा डोळा गेला आणि क्लबला जबाबदार धरलं, कारण त्या टीवरून (जिथून पहिला फटका मारतात ती जागा) बॉल नेहमीच रस्त्यावर जायचे. म्हणून बॉल बाहेर येतात अशा आधीच्या तक्रारी, फोटो वगैरे असतील तर शोधून ठेवा.