मदत हवी आहे: अकरावीतली मुलगी, रात्रीचा फोन, आणि अभ्यासही त्याच फोनवर

उंबरठा (धागाकर्ती)

मुलीला सोळा पूर्ण. अकरावी सायन्स, नीटची तयारी. क्लासची लेक्चर्स यूट्यूबवर, शंका व्हॉट्सॲप ग्रुपवर, टेस्ट क्लासच्या ॲपवर. म्हणून "फोन काढून घ्या" हा सल्ला कृपया नको, ते जमण्यातलं नाही. फोन अँड्रॉइड.

मागच्या आठवड्याची रोजची सरासरी: एकूण ६ तास १० मिनिटं. पैकी इन्स्टाग्राम २ तास ४० मिनिटं, यूट्यूब १ तास ५५ मिनिटं, उरलेलं क्लासचं ॲप आणि व्हॉट्सॲप. फोन दिवसाला साधारण १४० वेळा अनलॉक. झोपायला दीड वाजतो, उठणं साडेसहाला.

१. डिजिटल वेलबीइंगमधला (फोनच्या सेटिंग्जमधली वापर मोजायची सोय) ॲपचा टायमर ती दोन मिनिटांत काढून टाकते. काढता न येणारं काही आहे का?
२. या वयाला किती तास ठीक?
३. चिडचिड वाढलीय. ती फोनमुळे, की डॉक्टरांना दाखवायला हवं?

गवतीचहा

टायमर निघतो यात बिघाड काहीच नाही. ज्याचा फोन त्यानेच लावायचा आणि त्यालाच काढता येणारा तो लगाम आहे. पालकांच्या हातात राहणारी सोय म्हणजे गूगलचं फॅमिली लिंक ॲप. पण या वयात ती जोडायला तिची संमती लागते. चोरून जोडण्याच्या भानगडीत पडू नका, आठवड्यात कळतं आणि मग सगळी बोलणी बंद.

त्याआधी इन्स्टाग्रामवरची जन्मतारीख बघा. सेटिंग्ज, अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स. खातं उघडताना वर्ष मागे ढकललेलं असलं तर इन्स्टाच्या लेखी ती सज्ञान आहे आणि टीन अकाउंटची (अठराखालच्या मुलांसाठीचं मर्यादा असलेलं खातं) कुठलीही सोय तिला लागू झालेली नाही. भारतात ही सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये आली: खातं आपोआप खाजगी, तासाभरानंतर "आता बंद कर" अशी आठवण, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प. सोळा पूर्ण असल्याने यातलं बरंचसं ती स्वतः बदलू शकते. तुम्हाला त्यात सामील व्हायचं असेल तर सुपरव्हिजनचं (पालकांच्या देखरेखीचं) आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते तिने स्वीकारावं लागतं. त्यात वेळ दिसतो, मर्यादा घालता येते, गेल्या सात दिवसांत कोणाशी मेसेज झाले तेही दिसतं. मेसेजमधला मजकूर दिसत नाही, आणि ते बरंच आहे.

दोन पळवाटा: ॲपवरचा टायमर ब्राउझरमध्ये उघडलेलं इन्स्टा मोजत नाही. आणि दुसरं खातं. ते जवळजवळ प्रत्येकीचं असतं.

तिसरीघंटा

किती तास, हा प्रश्न सोडा. तीन तास लेक्चर आणि तीन तास रील्स यांची बेरीज करून हाती काय लागणार? २०१९ मध्ये तीन मोठ्या सर्वेक्षणांची आकडेवारी तपासून एक निष्कर्ष निघाला होता, की किशोरवयीन मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के डिजिटल वापराशी जोडता येतो. म्हणजे फोन निर्दोष असं नव्हे, पण नुसता एकूण आकडा काही सांगत नाही.

मला तुमच्या माहितीत एकच आकडा खुपला, तो झोपेचा. दीड ते साडेसहा म्हणजे पाच तास. या वयाला ८ ते १० लागतात. पाच तास झोपलेलं कुणीही चिडचिडं होईल, फोन नसला तरी. त्यात या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, दहाला झोप येत नाही, मग हातात फोन येतो आणि साडेअकराचा दीड होतो.

निळा प्रकाश कमी करणाऱ्या फिल्टरवर विसंबू नका. झोप उडते ती मुख्यतः पुढचं रील काय असेल या ओढीने. पानाला शेवट नाही, आणि दहातलं एखादंच भन्नाट निघतं. कुठलं ते आधी कळत नाही, म्हणून बोट थांबत नाही.

करायचं ते असं. चार्जर तिच्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात किंवा हॉलमध्ये लावा, घरातल्या सगळ्यांचे फोन तिथेच. "अलार्म लावायचाय" हे पहिलं कारण येणार, तेव्हा साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा. वेळ एकदम दहा नको. पहिला आठवडा साडेबारा, मग दर चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटं मागे. दीडची दहा एका रात्रीत केलीत तर ती अंधारात डोळे उघडे ठेवून पडेल आणि योजना तिसऱ्या दिवशी मोडेल.

"सगळ्यांचे" यावर जोर मुद्दाम दिलाय. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची पद्धत सुरू झाली. ती चालली कारण बंद सगळ्या गावाचा होता, फक्त पोरांचा नव्हता.

कोपऱ्यातला

वरच्याला +१. वायफायला रात्रीची वेळ लावून काही होत नाही, मोबाइल डेटा असतोच.

अभ्यासाच्या फोनची भर घालतो. यूट्यूबमध्ये वॉच हिस्टरी पुसून बंद करा. मग होम पानावर शिफारशींची रांग येत नाही, पान जवळपास कोरं राहतं. शॉर्ट्सचं बटण मात्र खाली राहतंच. लेक्चर सबस्क्रिप्शनमधून किंवा क्लासने पाठवलेल्या लिंकवरून उघडायचं. ऑटोप्ले बंद. शक्य असेल तर लेक्चर टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर, म्हणजे हात मोकळा राहून वही उघडते.

क्लासचा ग्रुप म्यूट करून शंका दिवसातून दोनदाच बघायच्या, समजा जेवणानंतर आणि नऊला. १४० अनलॉकमधले कितीतरी "सर काय म्हणाले बघते" म्हणून सुरू होऊन रील्सवर संपतात. डिजिटल वेलबीइंगमधल्या बेडटाइम मोडमध्ये स्क्रीन करड्या रंगात जाते, तेवढ्यानेही रील्सची चव निम्मी होते.

निशिगंधा

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. आधी "व्यसनी" हा शब्द घरात बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाच्या व्यसनाचं वेगळं निदान नाही. गेमिंगलाही साधारण १२ महिन्यांचा नमुना बघतात.

उलटी शक्यताही ध्यानात असू द्या. मन आधीच खचलेलं असतं आणि त्यातून सुटका म्हणून फोन असतो. तेव्हा फोन काढला की उरलेला आधारही जातो.

नियम बदलल्यावर पहिले काही दिवस आदळआपट होणारच, ती मोजू नका. पण दोन आठवडे झोप सुधारूनही उदासी तशीच असेल, मैत्रिणींना टाळणं, जेवण सुटणं, आवडीच्या गोष्टीत रस न उरणं, मार्क एकदम घसरणं दिसलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. शासकीय जिल्हा रुग्णालयातही ही सोय असते. "जगून काय करायचं" असं काही बोलली, किंवा हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी. टेलीमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन: १४४१६, विनामूल्य, २४ तास, मराठीत बोलता येतं.

आणि एकदा तिच्या शेजारी बसून तिचं फीड तिलाच दाखवायला सांगा. "हे बघितल्यावर बरं वाटतं की वाईट?" एवढंच विचारा. त्वचा, वजन, "रोज १४ तास अभ्यास" अशी खाती बहुतेक वाईटच्या बाजूला निघतात. ती तिनेच अनफॉलो करायची. फीड पूर्ण बिघडलं असेल तर सेटिंग्जमध्ये शिफारशी रीसेट करता येतात, पण नंतरचे दोन दिवस काय बघते त्यावर ते पुन्हा भरतं.

उंबरठा

जन्मवर्ष २००३ निघालं! दुरुस्त करायला तयार आहे. चार्जर हॉलमध्ये आजपासून. बाबांचा फोनही तिथेच ठेवायचा यावरून मात्र जोरदार चर्चा चालू आहे.

कोपऱ्यातला

बाबांना आधी पटवा ताई, नाहीतर शनिवारपर्यंत चार्जर परत खोलीत. आणि कपाटात जुना फोन पडलाय का बघा. सिम नसलं तरी वायफायवर इन्स्टा चालतं, आणि तो चार्जिंगच्या जागी कुणी मोजत नाही.