मदत हवी आहे: प्रोबवरचे जी कमीच होत नाहीत

घनदाट:
ग्रहाच्या वातावरणात शिरणाऱ्या प्रोबचं (छोट्या मानवरहित यानाचं) सिम्युलेशन लिहितोय. वेग घटताना कमाल ३२५ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाच्या ३२५ पट) येतात. वजन निम्मं केलं, हीट शील्डचा (उष्णता झेलणाऱ्या ढालीचा) व्यास वाढवला, तरी आकडा हलत नाही! कोड चुकलाय का? उद्या दाखवायचंय, लवकर सांगा.

कवच:
ग्रह कोणता? वेग? प्रवेशकोन, म्हणजे क्षितिजाशी किती अंशांत शिरतो? काहीच लिहिलेलं नाही.

उल्का:
मोठं पॅराशूट लावा. मंगळावर तेच करतात.

कवच:
@उल्का, कमाल जी येतात तेव्हा प्रोब ध्वनीच्या कितीतरी पट वेगात असतो. तिथे पॅराशूट उघडलं तर चिंध्या होतील. मंगळावरही बहुतेक वेग शील्डच मारते.

घनदाट:
शुक्र. ११.५ किमी/से, ३० अंश.

तिरपी वाट:
मग कोड बरोबर आहे. कमाल ऋण त्वरण (वेग घटण्याचा दर) = वेगाचा वर्ग × साइन(कोन) ÷ (५.४४ × स्केल हाइट). स्केल हाइट म्हणजे जेवढं वर गेल्यावर हवा साधारण २.७ पट विरळ होते ते अंतर. यात वस्तुमान नाही, व्यासही नाही. हलका, रुंद प्रोबही तेवढेच जी खातो, फक्त जास्त उंचीवर, विरळ हवेत. म्हणून तापतो कमी. १९७८ मध्ये नासाच्या पायोनियर व्हीनस या शुक्र मोहिमेच्या मोठ्या प्रोबने साधारण याच कोनात २८० च्या आसपास जी सोसले. कोन १० करा, आकडा तिसऱ्या हिश्श्यावर येईल.

फुगीर:
फुगवायची ढाल वापरा ना. २०२२ मध्ये नासाच्या लॉफ्टिड चाचणीतली ६ मीटरची ढाल पृथ्वीच्या वातावरणातून सुखरूप खाली आली.

तिरपी वाट:
त्याने उष्णता उतरेल, जी नाही. वर तेच लिहिलंय.

कवच:
कोन कमी करा म्हणणं सोपं आहे. उथळ वाटेवर प्रोब जास्त वेळ तापतो, एकूण उष्णता वाढते, शील्ड जाड करावी लागते. फारच उथळ गेलात तर प्रोब वातावरणाला घासून बाहेर निघून जाईल. गुरूवर उतरलेल्या गॅलिलिओ प्रोबच्या ३३९ किलोंपैकी १५२ किलो नुसती शील्ड होती, त्यातली ८० च्या आसपास किलो जळून गेली. मुळात तुमची उपकरणं किती जी सोसतात?

घनदाट:
१२०. हे आधी कुणी विचारलंच नाही.

निळा तारा:
शनीचा चंद्र टायटन का नाही घेत? वातावरण फुगलेलं, स्केल हाइट मोठी. २००५ मध्ये तिथे ह्युजेन्स यान ६ किमी/से वेगाने शिरूनही अलगद उतरलं. त्या उतरणीची छायाचित्रं जरूर बघा.

घनदाट:
काम शुक्राचं आहे. १० अंशांवर चालवलं, ११३ आले.

तिरपी वाट:
बसतंय, पण काठावर. कोनात एका अंशाची चूक झाली तर १२० ओलांडाल. ९ ते ११ चालवून बघा.

कवच:
आणि स्केल हाइट कुठल्या उंचीची घेतलीत? पृष्ठभागाजवळ ती १६ किमीच्या आसपास असते, वेग मरतो तिथे, ९० किमीच्या आसपास, जेमतेम ४.