मदत हवी आहे: मोलचं उत्तर जुळत नाहीये, उद्या चाचणी!

चकवा:
५ ग्रॅम कॉपर सल्फेटमध्ये किती मोल? मला ०.०३१३ येतंय, पुस्तकात मागे ०.०२ दिलंय. तीनदा करून पाहिलं. पुस्तकच चुकलंय ना? लवकर सांगा प्लीज.

पाटीपेन्सिल:
रेणुवस्तुमान किती धरलंत? आकडेमोड टाका, त्याशिवाय कोण काय सांगणार?

चकवा:
नेहमीचंच. तांबं ६३.५ + गंधक ३२ + चार ऑक्सिजन ६४ = १५९.५. पाचला त्याने भागलं.

त्रैराशिक:
मोलबिल सोडा हो. १५९.५ ग्रॅमला १, तर ५ ग्रॅमला किती? आम्ही सगळं असंच सोडवलं.

पाटीपेन्सिल:
अहो, त्यानेही ०.०३१३च येणार! भागाकार बरोबरच आहे त्यांचा.

दशांशचिन्ह:
मुळात मोल म्हणजे काय ते बघा. ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. २०१९ पासून हीच व्याख्या. 'कार्बन-१२ च्या १२ ग्रॅममध्ये जितके अणू तितके कण' ही जुनी व्याख्या बाद झाली.

त्रैराशिक:
म्हणजे आता त्या कार्बनचं वजन बदललं?

दशांशचिन्ह:
तुमच्या तराजूला कळेल इतकं नाही. आणि या अंकाला ॲव्होगॅड्रोचा अंक म्हणतात, पण ॲव्होगॅड्रोने तो काढलाच नव्हता. तो १८५६ मध्ये गेला, अंकाला त्याचं नाव पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये दिलं.

गोडबोली:
ग्लुकोजचं सूत्र लहानात लहान प्रमाणात लिहिलं तर कार्बन १, हायड्रोजन २, ऑक्सिजन १. हे हमखास येतं.

पाटीपेन्सिल:
ग्लुकोज कुठून आलं मध्येच? चकवा, प्रश्न जसाच्या तसा लिहा बघू.

चकवा:
'कॉपर सल्फेटच्या ५ ग्रॅम निळ्या स्फटिकांत किती मोल आहेत?' रंगाचा काय संबंध?

पाटीपेन्सिल:
तिथेच तर गोम आहे! निळं म्हणजे मोरचूद. एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू. ५ × १८ = ९०, म्हणजे एकूण २४९.५. आता भागा: ०.०२. वर्गात तापवून दाखवतात ना, परीक्षानळीच्या तोंडाशी थेंब जमतात आणि खडे पांढरे पडतात? ते हेच स्फटिकजल. गार झाल्यावर त्यावर थेंबभर पाणी टाकलं की परत निळं, आणि नळी चक्क गरम लागते.

चकवा:
अरे देवा. सूत्रात टिंब देऊन पुढे पाच पाणी लिहिलंय. मला वाटलं, पाण्यात विरघळवून घ्यायचं असेल.

पाटीपेन्सिल:
टिंबापुढचंही वजनात धरायचं. आणि गुणाकार नाही, बेरीज!

त्रैराशिक:
२४९.५ ला १, तर ५ ला किती? शेवटी त्रैराशिकच ना?